मस्टँगच्या पोटाचा मोह

स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारा माणूस पाण्याने थंड होणारे इंजिन निवडतो, तेव्हा रेडिएटर कुठे बसवायचा हे ठरण्याआधीच त्याच्या मनात बहुधा पी-51 मस्टँग शिरलेले असते. दुसऱ्या महायुद्धातल्या या अमेरिकी लढाऊ विमानाचा रेडिएटर पोटाखाली होता. पुढच्या तोंडातून आलेली हवा रुंदावत जाणाऱ्या डक्टमध्ये मंदावायची, रेडिएटरमध्ये तापायची आणि मागच्या निमुळत्या दारातून वेगाने बाहेर पडायची. या तापलेल्या झोताच्या ढकलण्यातून इंजिन थंड करण्याचा भुर्दंड बराचसा भरून निघू शकतो, हे ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या विमान-संशोधन संस्थेतल्या एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी 1935 च्या सुमारास मांडले होते. अमेरिकेत सुबारूचे मोटारीचे इंजिन किंवा माझ्दाचे रोटरी इंजिन विमानात बसवणारे हौशी कारागीर आहेत, आणि मस्टँगच्या पोटाची भुरळ त्यांना आजही पडते. या अनुकरणाचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा, कारण रेडिएटरला हवा कमी पडली की उत्तम इंजिनही ऐन चढणीत तापते.

झोतातून मिळू शकणारे काम वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी 400 मैलांनी उंचावरून जाणाऱ्या मस्टँगमध्ये, सारे आदर्श आहे असे धरले, तर रेडिएटरने दिलेल्या उष्णतेपैकी सहा टक्क्यांच्या आसपास भाग विमान ढकलण्याच्या कामी येऊ शकतो. 160 नॉटने जाणाऱ्या घरगुती विमानात हाच आकडा जेमतेम एक टक्का. शंभर अश्वशक्तीचे इंजिन कूलंटला 50 ते 60 किलोवॉट उष्णता देते असे मानले, तर हाती एक अश्वशक्तीही लागत नाही. डक्टमधले घर्षण आणि गळती त्यातूनच वजा करायची.

तरीही मेरेडिथ यांच्या कल्पनेचा पहिला भाग, म्हणजे हवा मंदावणे, हौशी कारागिराच्याही पूर्ण उपयोगाचा आहे. रेडिएटरच्या गाभ्यातून हवा जितक्या वेगाने जाईल, त्याच्या जवळपास वर्गाच्या पटीत दाब खर्ची पडतो. म्हणून तोंड लहान, गाभ्याचे क्षेत्रफळ मोठे आणि दोहोंमध्ये सावकाश रुंदावणारी वाट, ही मांडणी बरोबरच आहे. अडचण जागेची आहे. काउलिंगखाली, म्हणजे इंजिनाच्या आवरणाखाली, हातभर लांबीही मिळत नाही. घाईने रुंदावलेल्या डक्टमध्ये हवा भिंती सोडते, मधोमध झोत उरतो आणि गाभ्याचे कोपरे उपाशी राहतात. मग कारागीर आणखी मोठा रेडिएटर आणतो. त्यासाठी डक्ट आणखी घाईने रुंदावतो, आणि दुखणे वाढते. अशा वेळी थोडा जाड आणि लहान दर्शनी क्षेत्रफळाचा गाभा, किंवा गाभ्यापाशी येऊन तुतारीसारखा फाकणारा डक्ट मला अधिक शहाणपणाचा वाटतो. गाभ्याचा स्वतःचा अडथळाच अशा डक्टमध्ये हवेला शेवटच्या टप्प्यात पसरायला मदत करतो.

खरी परीक्षा चढणीची. समुद्रसपाटीला 80 नॉट वेगाला येणाऱ्या हवेचा दाब सुमारे साडेदहा सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो, 160 नॉटला त्याच्या चौपट. म्हणजे इंजिन पूर्ण ताकदीवर असताना, सर्वाधिक उष्णता काढायची असताना, हाती दाब सर्वांत कमी. चढणीसाठी पुरेसा केलेला डक्ट सरळ उड्डाणात गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतो आणि त्या हवेची किंमत इंधनात मोजावी लागते.

जागेबद्दल बोलायचे तर ज्या विमानाचा पंखा (प्रॉपेलर) मागे आहे, त्यात पोटाखालचा डक्ट समजण्यासारखा आहे. मात्र तोंड पोटाला चिकटलेले असेल, तर पुढच्या सबंध अंगावरून घासत आलेली मंद हवाच त्यात शिरते. मस्टँगचे तोंड म्हणूनच पोटापासून थोडे खाली सोडलेले होते. पुढे नाकात इंजिन असलेल्या विमानात मी नाकाजवळच्या तोंडांच्या बाजूने आहे. तिथे कूलंटच्या नळ्या आखूड राहतात, वजन वाचते आणि जमिनीवर पंख्याच्या वाऱ्याचा थोडा आधार मिळतो. पृष्ठभागात बुडवलेले, नाका (NACA) या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पद्धतीचे तोंड दिसायला देखणे, पण रेडिएटरच्या अडथळ्यासमोर ते सहसा कमी दाब देते.

मात्र सगळ्यात दुर्लक्षित राहते ते मागचे दार. खोलीत वारा खेळायला समोरची खिडकी मोठी करून भागत नाही, मागचीही उघडावी लागते, इथेही तसेच. उघडझाप करणारा फ्लॅप म्हणजे वजन, सांधे आणि वैमानिकाच्या डोक्याला आणखी एक काम, हा आक्षेप खरा आहे, आणि संथ, हलक्या विमानात स्थिर दार पुरेल. पण चढण आणि सरळ उड्डाण यांच्या वेगात दुपटीचे अंतर असेल, तर फ्लॅपचे वजन वाचवणे मला महागातले वाटते.

प्रमाणित नसलेल्या इंजिनाच्या घरगुती विमानाला अमेरिकेत सहसा 40 तासांची चाचणी उड्डाणे करावी लागतात. त्यातल्या सुरुवातीच्या तासांत गाभ्याच्या पुढचा आणि मागचा दाब, साध्या पाण्याच्या पारदर्शक नळीने का होईना, मोजलाच पाहिजे. पुढचा दाब भरपूर आणि मागचाही जवळपास तितकाच निघाला, तर दोष मागच्या दाराचा. पुढचाच कमी असेल, तर तोंड आणि डक्ट तपासावेत, आणि गाभ्याभोवतीच्या फटी त्याही आधी बुजवाव्यात.