वाण कशाचे द्यावे, निर्माल्य कोठे न्यावे?

मकरसंक्रांतीच्या पर्वावर श्रीसिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेने सोलापूरनगरी गजबजून जाते. शुभ्र बाराबंदी ल्यालेले भाविक सात नंदीध्वज पेलून अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात, अक्षतासोहळा पार पडतो आणि घरोघरी सुवासिनी सुगडे पुजून एकमेकींस वाण देतात. या मंगलसमयी श्रद्धाळू कुटुंबांपुढे दोन साधे प्रश्न ठेवावेत, असे आम्हांस वाटते.

अर्थशास्त्री मंडळी हल्ली ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असा शब्द योजतात. वस्तू एकदा वापरून फेकू नये, ती पुनःपुन्हा उपयोगात आणावी आणि मातीतून आलेले मातीस परत द्यावे, तरच नगरे दीर्घकाळ नांदतील, असा त्याचा आशय. शब्द नवा असला तरी विचार आपल्याकडे जुना आहे. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 14 ते 16 या श्लोकांत अन्न, पर्जन्य, यज्ञ आणि कर्म यांचे चक्र वर्णिले असून, जो ते पुढे चालवीत नाही त्याचे जिणे व्यर्थ, असा निर्वाळा भगवंतांनी दिला आहे. केवळ घेणे आणि परत न देणे, हाच तो दोष.

संक्रांतीचे सुगड पाहा. कुंभाराने घडविलेल्या त्या मडक्यात हरभऱ्याचे घाटे, उसाचे पेर, बोरे, गाजर असे शेतातलेच धन असते. अक्षतासोहळ्याची कथाही कुंभारकन्येचीच आहे. सिद्धरामांस वरू इच्छिणाऱ्या त्या कन्येस त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह लावण्याची अनुमती दिली. ज्या नगरीच्या मुख्य सोहळ्यात कुंभाराच्या लेकीस असा मान, त्या नगरीत आज वाण म्हणून काय लुटले जाते? बहुधा प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, बशा! वर्षभरात त्या तडकतात आणि कचऱ्यात जातात. चादरी आणि टॉवेल यांसाठी ज्या गावाचे नाव देशभर झाले, तेथील गृहिणींना वाणासाठी सुती पंचा, हातरुमाल वा कापडी पिशवी सुचू नये, हे नवल नव्हे काय? पूर्वी जुन्या लुगड्याची वाकळ होई आणि वाकळ विरली की तिचे पायपुसणे. आपल्या आजीला हे कोणी शिकविले नव्हते.

आता निर्माल्य. ते वाहत्या पाण्यात सोडावे किंवा झाडाच्या मुळाशी ठेवावे, अशी आपली परंपरा. देवाच्या अंगावरून उतरलेले फूल कोणाच्या पायदळी येऊ नये, हा त्यातील हेतू. ‘मग आम्ही तलावात टाकतो त्यात चुकले काय?’ असे कोणी विचारील. परंतु नदीचे वाहते पाणी निराळे आणि तलावाचे साचलेले पाणी निराळे. तेथे फुले कुजली की पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो व मासे तडफडून मरतात. शिवाय आज फुलांसवे पिशवी, जरी, तार आणि नायलॉनचा दोरा जातो, तो कुजतही नाही. हेतू पवित्र राखावयाचा तर रीत बदलली पाहिजे. पाने व फुले वेगळी करून मातीसह झाकून ठेवली तर दोन-तीन महिन्यांत उत्तम खत होते. शेवंती वा झेंडू ज्या मळ्यातून आला, त्याच मळ्यात देवाच्या चरणांवरून परत जाईल. याहून शुद्ध विसर्जन कोणते? कानपुरात मंदिरांतील फुलांपासून उदबत्त्या करण्याचा उद्योग उभा राहिला आहे. मग सोलापूरनेच मागे का राहावे?

कायदाही हेच सांगतो. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे 2016 च्या नियमांनी बंधनकारक केले. महाराष्ट्रात 2018 साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरावयाच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तू देशभर निषिद्ध झाल्या. तथापि कायद्याचे डोळे देवघरात पोहोचत नाहीत. तेथे धर्मबुद्धीच जागी हवी. आपण मिसळून टाकलेला कचरा कोणातरी सफाई कामगाराच्या हातांनीच निवडला जातो. शरणांनी कायक, म्हणजे श्रम, आणि दासोह, म्हणजे समाजास परत देणे, ही दोन व्रते सांगितली. त्या श्रमणाऱ्या हातांचा भार हलका करणे, हाही दासोहच.

म्हणून यंदा प्रत्येक घराने एवढे करावे: वाण मातीचे, कापडाचे वा धान्याचे द्यावे, निर्माल्य दोरा-पिशवी काढून कुंडीत वा निर्माल्यकलशात घालावे, आणि मंदिरांच्या विश्वस्तांनी व मंडळांनी त्याचे खत करून फुलमळेवाल्यांस द्यावे. श्रीसिद्धरामांनी बाराव्या शतकात लोकांच्या श्रमातून जो तलाव खोदविला, तो आपण निदान बुजवू तरी नये.