खोट्याला निम्मी जागा कशासाठी?

मराठी विकिपीडियाचे वाचक, संपादक, भाषांतरकार आणि इतिहासाचे शिक्षक यांना जाहीर आवाहन



वॉर्सा शहरात नाझींनी गॅस चेंबर उभारले आणि तिथल्या छावणीत दोन लाख पोलिश माणसं मारली, असं इंग्रजी विकिपीडिया २००४ पासून २०१९ पर्यंत जगाला सांगत होता. हे खोटं होतं. छावणी मात्र खरी होती. १९४३ च्या उन्हाळ्यात, उद्ध्वस्त केलेल्या ज्यू घेट्टोच्या ढिगाऱ्यात ती उभी राहिली. तिथले कैदी बहुतांश ज्यू होते. ऑशविट्झच्या मृत्युछावणीतून आणलेल्या या लोकांना ढिगाऱ्यातून विटा आणि लोखंड उपसायला जुंपलं होतं. रेल्वे स्टेशनाजवळच्या बोगद्यात विषारी वायू सोडून पोलिश लोकांना मारत, ही कथा पोलंडमधल्या एका न्यायाधीश बाईंनी मांडली होती. पोलंडच्याच इतिहासकारांनी ती फेटाळली. तरीही लेख पंधरा वर्षं तसाच राहिला आणि त्यातली माहिती इतर लेखांत, इतर भाषांत झिरपत गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'हारेत्झ' या इस्रायली दैनिकाने बातमी छापली, तेव्हा कुठे बोभाटा झाला.

कोणी म्हणेल, एक आकडा चुकला, दुरुस्त झाला, विषय संपला. आमचं म्हणणं आहे की विषय इथे सुरू होतो. या खोट्या आकड्याने ज्यूंच्या छावणीतून ज्यूंनाच हद्दपार केलं. 'तुम्ही गॅसमध्ये मेलात, तसे आम्हीही मेलो' असा हिशेब त्यातून जुळवला जात होता. स्मृतीची अशी फिरवाफिरव चुकून होत नसते आणि आपोआप सुधारतही नसते.

वाद काय आहे?

फेब्रुवारी २०२३ मध्ये ओटावा विद्यापीठाचे यान ग्राबोव्स्की आणि अमेरिकेतल्या चॅपमन विद्यापीठाच्या शिरा क्लाइन या दोन इतिहासकारांनी ज्यूसंहाराच्या (होलोकॉस्टच्या) अभ्यासाला वाहिलेल्या नियतकालिकात दीर्घ निबंध लिहिला. त्यांचा आरोप थेट होता. इंग्रजी विकिपीडियावर मूठभर संपादक वर्षानुवर्षं चिकाटीने चार गोष्टी रुजवत आहेत: पोलिश लोकांचं दुःख ज्यूंच्या संहाराच्या बरोबरीला नेणं, पोलिश समाजातला ज्यूद्वेष सौम्य करणं, ज्यूंना कम्युनिस्टांचे हस्तक ठरवणं आणि नाझींना ज्यूंनीच साथ दिली असं भासवणं. संबंधित संपादकांनी हे नाकारलं. निबंधात चुका आहेत आणि टोपणनावाने लिहिणाऱ्या स्वयंसेवकांची ओळख उघड केली आहे, अशी त्यांची तक्रार होती. या तक्रारीतला दुसरा मुद्दा आम्ही गंभीर मानतो. माणसाच्या घरापर्यंत जाऊन इतिहास दुरुस्त होत नाही.

विकिपीडियाच्या लवाद समितीने स्वतःहून प्रकरण हाती घेतलं आणि मे २०२३ मध्ये काही संपादकांना या विषयावर लिहायला मनाई केली. पण समिती फक्त वागणुकीचा निवाडा करते. मजकूर खरा की खोटा, हे ती ठरवत नाही. क्लाइन यांनी निकाल अपुरा असल्याचं जाहीरपणे सांगितलं, आणि आम्हालाही तसंच वाटतं. तोंडाळ माणूस सहज पकडला जातो. गोड बोलून, नियमांवर बोट ठेवून, रोज एक ओळ इकडची तिकडे करणारा सुटतो. समोरचा दमून निघून गेला की उरलेल्यांचं 'एकमत' होतं. त्या एकमताला ज्ञान म्हणायची आमची तयारी नाही.

'दोन्ही बाजू मांडा' म्हणजे काय?

हे वाक्य ऐकायला न्यायाचं वाटतं. एका गावाचं उदाहरण घेऊन ते तपासू.

१० जुलै १९४१. जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमधलं येद्वाब्ने. त्या दिवशी गावातल्या पोलिश रहिवाशांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांना धान्याच्या कोठारात कोंडून जिवंत जाळलं. इतिहासकार यान ग्रोस यांनी २००० साली पुस्तक लिहून हे पोलंडसमोर ठेवलं. पोलंडच्या सरकारी राष्ट्रीय स्मृती संस्थेने चौकशी केली. चिथावणी जर्मनांची, पण प्रत्यक्ष हात स्थानिक पोलिश रहिवाशांचे, असा निष्कर्ष तिने काढला. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्स्की यांनी गावात उभं राहून माफी मागितली.

मेलेल्यांचा आकडा वादात आहे. ग्रोस यांनी सुमारे १,६०० सांगितला, संस्थेने किमान ३४०. हा संशोधकांमधला खरा मतभेद आहे आणि लेखात दोन्ही आकडे यायलाच हवेत. पण 'हे फक्त जर्मनांनी केलं' हे म्हणणं पुराव्याने बाद झालेलं आहे. त्याला समान जागा देणारा संपादक तटस्थ नसतो. जाळणारा आणि जळणारा यांच्यामध्ये तो पंच म्हणून उभा राहतो आणि अर्धा गुण जाळणाऱ्याला देतो.

ही फक्त पोलंडची गोष्ट नाही

क्रोएशियन भाषेतला विकिपीडिया सुमारे दशकभर उजव्या राष्ट्रवादी प्रचालकांच्या मुठीत होता. हिटलरच्या आशीर्वादाने क्रोएशियात चाललेल्या उस्ताशा राजवटीच्या यासेनोव्हाट्स छावणीत हजारोंच्या संख्येने सर्ब, ज्यू आणि रोमा मारले गेले. अमेरिकेच्या होलोकॉस्ट संग्रहालयाचा अंदाज ७७,००० ते ९९,००० असा आहे. क्रोएशियन विकिपीडियाने तिची बोळवण 'संकलन आणि श्रम छावणी' म्हणून केली. २०१३ मध्ये खुद्द क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांना विद्यार्थ्यांना सांगावं लागलं की हा विकिपीडिया वापरू नका. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा याबाबतचा अहवाल आला २०२१ मध्ये. छोटी भाषा, मोजके प्रचालक, हरकत घेणाऱ्याला बाहेरची वाट, एवढ्यावर हे सगळं निभावलं.

आक्षेप आणि आमची उत्तरं

'तुम्ही पोलंडचे शत्रू आहात.' मुळीच नाही. सोव्हिएत संघाने हद्दपार केलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याने आसरा दिला. त्या देशाचं दुःख मराठी माणसाला पुस्तकात वाचावं लागत नाही. नाझींनी लाखो ख्रिस्ती पोलिश नागरिकही मारले. ज्यूंना वाचवणाऱ्यांचा सन्मान करणाऱ्या, इस्रायलमधल्या याद व्हाशेम या स्मृतिसंस्थेच्या यादीत सर्वाधिक नावं पोलिश आहेत, सात हजारांहून अधिक. आणि जिच्याबद्दल खोटं रचलं, त्याच वॉर्साच्या छावणीवर ५ ऑगस्ट १९४४ रोजी पोलिश भूमिगत सेनेने हल्ला करून ३४८ ज्यूंना सोडवलं. ही खरी शौर्यकथा हाताशी असताना खोटे गॅस चेंबर कशाला हवेत?

'मग सरकारलाच ठरवू द्या.' तेही नको. पोलंडने २०१८ मध्ये कायदाच केला: नाझींच्या गुन्ह्यांत पोलिश राष्ट्राचा वाटा होता असं म्हणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. जगभरातून टीका झाल्यावर काही महिन्यांत कैदेची तरतूद काढावी लागली. इतिहास पोलिसाच्या हाती दिला की इतिहासकार कोर्टात हेलपाटे घालतो. ग्राबोव्स्की आणि त्यांच्या सहकारी बार्बारा एंगेलकिंग यांना २०२१ मध्ये एका वेगळ्या दिवाणी दाव्यात खालच्या कोर्टाने माफी मागायला सांगितलं होतं. तो निकाल वरच्या कोर्टाने फिरवला.

'ज्यूद्वेषाचा आरोप आज इस्रायल सरकारवरची टीका दाबायला वापरतात.' काही वेळा वापरतात, हे खरं आहे. म्हणूनच कसोटी सगळ्यांना एकच हवी. मोठ्या संस्थेचं नाव हा पुरावा नव्हे आणि लोकप्रिय संताप हाही नव्हे. १९४१ च्या मृतांना आजच्या भांडणातली प्यादी करण्याचा अधिकार कोणत्याच बाजूला नाही.

आपला काय संबंध?

मराठी विकिपीडियावर परदेशी इतिहासाचे लेख बरेचदा इंग्रजीतून येतात. सोबत इंग्रजीतलं खोटंही येतं, आणि इथे त्याला अडवायला माणूस कमी. त्यात हिटलरच्या गुन्ह्यांचं गांभीर्यही इथे कमीच: रस्त्यावरच्या पुस्तकविक्रेत्याकडे हिटलरचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी रचलेलं असतं. २००६ मध्ये नवी मुंबईत हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट उघडलं आणि निषेध झाल्यावर नाव बदललं. ज्यूंचा बेने इस्रायल समाज शतकानुशतकं कोकणात राहिला, तेल गाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारा 'शनिवार तेली' म्हणून ओळखला गेला, त्याला इथे ज्यूद्वेष सोसावा लागला नाही, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात याच मुंबईत नरिमन हाउस या ज्यू केंद्रात माणसं ज्यू म्हणून वेचून मारली गेली. अभिमानाच्या भरवशावर झोपून चालणार नाही.

आमच्या मागण्या

१. वंशसंहारावरच्या लेखात मृतांचा प्रत्येक आकडा विद्यापीठीय संशोधनाच्या आधारानेच यावा. पोलंडच्या विषयासाठी इंग्रजी विकिपीडियाने २०१९ मध्ये असा कडक नियम केला होता. तो मराठीत सर्व संहारांना लागू करा.

२. भाषांतर करताना मूळ संदर्भ उघडा. दिलेल्या पानावर ते विधान सापडलं नाही, तर वाक्य घेऊ नका.

३. 'काहींच्या मते' चालणार नाही. कोणाच्या मते, कोणत्या ग्रंथात, ते लिहा.

४. संदर्भात नसलेलं त्याच्या तोंडी घालणं हा शिवीगाळीइतकाच गंभीर गुन्हा माना. प्रचालकांनी चावडीवर (विकिपीडियाच्या सामाईक चर्चापानावर) उघड चर्चा करून हा नियम करावा.

५. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, जबाबदारी ठरलेली असते. विकिपीडियावर ते काम 'इतिहास पहा' आणि 'चर्चा' ही दोन पानं करतात. शिक्षकांनी वर्गात लेखाआधी ती उघडून दाखवावीत.

हे पत्रक वाचून नुसती मान डोलावू नका. होलोकॉस्ट, आर्मेनिया, रवांडा, यांपैकी एक मराठी लेख निवडा. त्यातला एक आकडा मुळापर्यंत तपासा. आधार मिळाला तर नोंदवा. नाही मिळाला तर 'संदर्भ हवा' असा शिक्का मारा आणि चर्चापानावर कारण लिहा. कोणी तो शिक्का पुराव्याशिवाय पुसला, तर परत मारा. खोटं लिहिणारा चिकाटीने जिंकतो. त्याच्याहून एक दिवस जास्त टिकायची आपली तयारी हवी.

आपले,
मराठी विकिपीडियाचे काही वाचक आणि संपादक

(पत्रक छापा, वाटा. यात चूक आढळल्यास पुराव्यासह जाहीरपणे खोडून काढा.)