बिदरीचे मोल तोळ्यावर नव्हे

आम्ही धान्याचे व्यापारी; वजन आणि भाव यांपलीकडे आमची दृष्टी सहसा जात नाही. नातीच्या विवाहासाठी बीदरला अत्तरदाणी घेताना मीही चांदी किती तोळे, एवढेच विचारून घासाघीस केली. कारागीर हसून म्हणाला, “शेटजी, चांदी सराफाची, वेलबुट्टी आमची.” तो शब्द मनाला लागला.

जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर घरातील एक जण नक्षी रेखाटतो, दुसरा ती कोरतो, तिसरा चांदीची तार ठोकून बसवितो. शेवटी बीदर किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या उकळत्या पाण्यात वस्तू बुडविली की जस्त काळे पडते, चांदी मात्र उजळ राहते. २००६ साली या कलेस भौगोलिक मानांकन लाभले. २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. सन्मान झाला, परंतु चांदी महागली की नवी नक्षी करून पाहणे लहान घरास कसे परवडावे?

आळंदच्या अडतीत तूर येण्यापूर्वीच शेतकऱ्यास उचल देणारे आम्ही, कारागिरास मात्र माल हाती आल्यावरही उधारीवर ठेवतो! संघाच्या भेटवस्तू यंदापासून बीदरहून घ्याव्यात, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, आणि नक्षी कोणती काढावी हे त्यांच्यावरच सोपवावे, अशी माझी सूचना आहे.