भुताचे पुस्तक द्यावे, पण कोणते?

१९९०च्या दशकात बंगळूरमधल्या कित्येक घरांच्या दारांवर दोनच शब्द लिहिलेले दिसत: 'नाळे बा'. कानडीत याचा अर्थ 'उद्या ये'. रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारणारी हडळ ते वाचून परत जाते, अशी अफवा होती. तेव्हा जे. पी. नगरमध्ये शाळेत जाणाऱ्यांची मुले आता तेरा-चौदाची झाली. ग्रंथालयात ती भुताचेच पुस्तक उचलतात आणि आई, "रात्री झोपणार नाहीस," म्हणून ते परत ठेवते!

परत ठेवण्यापेक्षा निवडून द्यावे. दहा-अकराव्या वर्षी आर. एल. स्टाइन यांची 'गूजबम्प्स' मालिका चालेल. १९९२पासून निघालेल्या या पुस्तकांत भीती आहे, रक्तपात जवळजवळ नाही. मुलांना मराठीकडे वळवायचे, तर आधी नारायण धारपांच्या समर्थकथा द्याव्यात. अघोरी शक्तीशी गाठ पडली तरी समर्थ पाठीशी असतात. कोवळ्या वाचकाला हा आधार हवाच. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा त्यानंतर. त्यांतली भीती पुष्कळदा साध्या, मध्यमवर्गीय घरातच दबा धरून असते.

धारपांची 'लुचाई' मात्र पंधरा-सोळापर्यंत थांबू द्यावी. ती स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट' (१९७५) या कादंबरीवर बेतलेली आहे. त्या मूळ कादंबरीत मेलेला मित्र रात्री खिडकीवर येऊन आत घे म्हणतो. 'नाळे बा'ची हाक ऐकलेल्या आई-बाबांनी ती आधी स्वतः वाचावी.

वाचून झाल्यावर मूल दिवा लावून झोपले, तर चार दिवस झोपू द्यावे. त्यावरून चारचौघांत चिडवू नये.