चाकाची खूण

गेल्या सप्टेंबरात थोरल्याची नवी गिअरची सायकल घेऊन आम्ही मळवलीहून लोहगड-विसापूरच्या बाजूला निघालो. जाड टायरची सायकल, त्यामुळे पोराला डांबरी रस्ता नकोच होता. वर कातळाच्या सपाटीवर तो वाट सोडून ओल्या हिरवळीतून सुसाट गेला. खरं सांगायचं तर आम्ही टाळ्याच वाजवल्या.

जोहरच्या वुजूसाठी ओहळापाशी बसलो, तेव्हा धाकटीनं बोट दाखवलं. चाकाखाली इवली जांभळी फुलं चिरडली होती. सीतेची आसवं! कातळावर माती जेमतेम बोटभर, तीही निकस. म्हणून ही वनस्पती मातीखालच्या बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते. तिचा शेजारी दवबिंदू चिकट थेंबांनी किडे धरतो. पाऊस सरून कातळ तापला की हे सगळं वाळतं. पुढच्या वर्षीचं बी तेवढं त्या बोटभर मातीत उरतं, आणि चाकानं चर पडला की पाणी त्यातून धावत मातीसकट बी घेऊन जातं.

साताऱ्याचं कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. तिथं फुलांच्या हंगामात तिकीट आहे, पहारा आहे. मावळातल्या अशा तुकड्यांवर मात ज्याची त्याची नजर.

"अम्मी, मग सायकल घेतलीच कशाला?" पोरगा रुसला.

"गाडीवाट आहे की, बेटा."

तिथपर्यंत तो सायकल हातात धरून आला. एक शब्द बोलला नाही.

पंधरा दिवसांनी त्यानंच परत जायचा हट्ट धरला. चर तसाच होता, पाण्यानं भरलेला.