घड्याळाची साक्ष
नागपूर, चंदीगडच्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. हजेरी आता आकाशातून! पण जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. त्यांचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत अगदी क्षीण होतो. स्लॅब, लोखंड, तळघर त्याला अडवतात. भिंतींवर आपटून आलेला संदेश जास्त अंतर कापतो, म्हणून यंत्र माणसाला भलत्याच जागी दाखवते. ठिकाण ठरवायला किमान चार उपग्रह लागतात; छताखाली ते मिळतीलच असे नाही. जिन्याखाली झाडू मारणारा म्हणूनच गैरहजर ठरू शकतो. आमचा सवाल साधा आहे. कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी होते, मग या घड्याळाची का नाही? कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय एका दिवसाचाही पगार कापता कामा नये. युनियनांनी नोंदींची प्रत लेखी मागावी.