एटीएमच्या पोटातील आवृत्ती : मुदतीची नोंद कोण ठेवणार?

संगणकावरील 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. घरगुती वापरकर्त्यांना त्या दिवशी फारसे काही जाणवले नाही. संगणक आदल्या दिवशीप्रमाणेच सुरू झाले. बँका, नगरपालिका, न्यायालये आणि रुग्णालये यांच्यापुढे मात्र या तारखेने एक जुना प्रश्न पुन्हा उभा केला आहे. आपले सॉफ्टवेअर कार्यप्रणालीच्या नेमक्या कोणत्या आवृत्तीवर चालते, आणि त्या आवृत्तीची जबाबदारी कोणी व कोणत्या तारखेपर्यंत स्वीकारली आहे, याची लेखी नोंद कोणाकडे आहे?

हा प्रश्न केवळ महानगरांतील संगणक कक्षांपुरता मर्यादित नाही. जबलपूरहून कटनीकडे निघाले की सुमारे १५ किलोमीटरवर पनागर हे नगरपालिकेचे गाव लागते. (१९५६ पर्यंत नागपूर ही तत्कालीन मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि जबलपूर त्याच राज्यात मोडत असे, त्यामुळे या भागात मराठी कुटुंबे आजही आढळतात.) जबलपूर जिल्हा हिरव्या मटारसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात विकलेल्या मालाचे पैसे खात्यात जमा झाले, तरी मजुरी आणि वाहतूक बहुधा रोखीनेच भागवावी लागते. अशा गावात एटीएम बंद असेल, तर पुढचे यंत्र रस्ता ओलांडून सापडतेच असे नाही. पनागरच्या यंत्राला लागू होणारा नियम मुंबईत, भारतीय रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात तयार होतो.

एटीएम म्हणजे पोलादी कपाटात ठेवलेला एक साधा संगणक. नोटा मोजणारे यंत्र आणि कार्ड वाचणारे यंत्र त्याला जोडलेले असते आणि बँकेचे सॉफ्टवेअर कार्यप्रणालीच्या आधाराने या दोघांना आज्ञा देते. कार्यप्रणाली बदलली, तर वरचे सॉफ्टवेअर आणि खालची यंत्रे या दोहोंशी तिचे जुळते की नाही, हे नव्याने तपासावे लागते. आवृत्ती बदलण्यास संस्था कचरतात ते याच कारणाने.

'विंडोज एक्सपी'चे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. तीन वर्षांनंतरही देशातील एटीएम त्याच आवृत्तीवर चालत होते. रिझर्व्ह बँकेने १७ एप्रिल २०१७ रोजी बँकांना गोपनीय परिपत्रक पाठवून याबद्दल चिंता व्यक्त केली. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच १२ मे रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक वेठीस धरले. प्रकरण इतके गंभीर होते की, साहाय्य संपलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली.

अखेर २१ जून २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने तारखांचा तक्ताच बँकांच्या हाती दिला. साहाय्य उपलब्ध असलेल्या आवृत्तीवर सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के एटीएम आणायचे होते, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व. संचालक मंडळाने मंजूर केलेला कृती आराखडा ३१ जुलै २०१८ पर्यंत सादर करण्याचेही बंधन होते. या परिपत्रकाचे खरे महत्त्व मला या शेवटच्या अटीत दिसते. कार्यप्रणालीची आवृत्ती हा विषय त्यामुळे तंत्रज्ञाच्या टेबलावरून उठून संचालकांच्या सभेत गेला.

या बदलाचा खर्च लहान नव्हता. एटीएम उद्योगाच्या महासंघाने नोव्हेंबर २०१८ मध्ये इशारा दिला की, सॉफ्टवेअर अद्ययावत करणे, नोटांच्या पेट्या बदलणे आदी नव्या नियमांच्या खर्चामुळे मार्च २०१९ पर्यंत देशातील २ लाख ३८ हजार यंत्रांपैकी सुमारे १ लाख १३ हजार बंद करावी लागतील आणि त्यांतील बहुसंख्य शहरांबाहेरची असतील. प्रत्यक्षात एवढी यंत्रे बंद झाली नाहीत. तरीही आवृत्तीबाबतची दिरंगाई अंगावर आली तर तिची किंमत प्रथम पनागरसारख्या गावांकडून वसूल होते, हे त्या इशाऱ्याने उघड केले.

दिरंगाई का झाली? पैसा हे एक कारण होतेच. परंतु यंत्र एका कंपनीने बनवलेले, मालकी सेवा पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीची, दर्शनी फलक बँकेचा आणि सॉफ्टवेअर आणखी तिसऱ्याचे, अशी अनेक ठिकाणची व्यवस्था असते. या प्रत्येकाकडे माहितीचा एकेक तुकडा असला, तरी सगळे तुकडे एकाच कागदावर मांडण्याचे काम कोणाचे, हे ठरलेले नसते.

कागदावर मांडतानाही नेमकेपणा लागतो. 'एक्सपी' एवढी नोंद पुरत नव्हती, कारण सर्वसाधारण एक्सपीची मुदत २०१४ मध्ये संपली असली, तरी यंत्रांत बसवण्यासाठीच्या 'एक्सपी एम्बेडेड'ची १२ जानेवारी २०१६ पर्यंत होती आणि त्याच कुळातील 'पॉसरेडी २००९'ची तर ९ एप्रिल २०१९ पर्यंत. 'विंडोज १०'ची गत अधिकच चमत्कारिक आहे. दीर्घ मुदतीच्या प्रकारातील २०१६ च्या आवृत्तीची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही आहे. २०१९ च्या आवृत्तीला ९ जानेवारी २०२९ पर्यंत साहाय्य मिळते, तर त्यानंतर आलेल्या २०२१ च्या आवृत्तीला केवळ १२ जानेवारी २०२७ पर्यंत. नवी आधी संपते आणि जुनी मागे उरते! शिवाय २०२१ च्याच आवृत्तीचा उपकरणांसाठीचा भाऊबंद १३ जानेवारी २०३२ पर्यंत चालतो. नोंदवहीत नुसते 'विंडोज १०' लिहिणाऱ्या संस्थेला यांतील आपली तारीख कोणती, हे कळणार कसे?

भाषांतराचे काम करणाऱ्याला 'सपोर्ट' हा इंग्रजी शब्द नेहमी अडवतो. साहाय्य, आधार, पाठबळ यांपैकी काहीही लिहिले तरी अर्थ निसटतो, कारण विक्रेता तो शब्द तीन अर्थांनी वापरतो. पहिला अर्थ, या आवृत्तीवर सॉफ्टवेअर चालते. दुसरा, आम्ही ते चालवून तपासले आहे. तिसरा, बिघाड झाला तर दुरुस्तीची जबाबदारी आमची. ग्राहक पहिला अर्थ ऐकतो आणि तिसरा गृहीत धरतो. चांगल्या विक्रेत्याच्या दस्तऐवजात हे तीन अर्थ वेगळे केलेले असतात, आणि प्रत्येकासमोर आवृत्ती व तारीख असते. निविदेच्या कागदपत्रांत मात्र 'विंडोज अथवा लिनक्स' एवढ्या शब्दांवर काम भागवलेले आढळते.

मुक्त सॉफ्टवेअरने हा प्रश्न सुटतो, असेही नाही. ई-न्यायालय प्रकल्पात खटल्यांची माहिती ठेवणारी प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातील पथकाने विकसित केली. न्यायालयांतील संगणकांसाठी 'उबुंटू'ची निवड झाली आणि परवाना शुल्काचा भार टळला. पण उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीलाही प्रमाणित साहाय्य पाचच वर्षे मिळते. त्यानुसार २०२० मधील आवृत्तीचा काळ मे २०२५ मध्ये संपला. दिलेली तारीख बदलतही असते. 'सेंटओएस ८' ही अनेक सर्व्हरवर वापरली जाणारी प्रणाली २०२९ पर्यंत चालणार, असे गृहीत धरून संस्थांनी ती बसवली होती. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की, ती २०२१ च्या अखेरीसच थांबेल. म्हणून अशी नोंद एकदा करून कपाटात ठेवता येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या ७ नोव्हेंबर २०२३ च्या माहिती तंत्रज्ञानविषयक निर्देशांत हे सूत्र स्पष्ट आले. साहाय्य संपलेले सॉफ्टवेअर टाळावे, साहाय्य संपण्याच्या तारखांवर सातत्याने लक्ष ठेवावे आणि त्या तारखेपूर्वी बदलाचा आराखडा तयार ठेवावा, असे त्यांत म्हटले होते. १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झाले. परंतु प्रादेशिक ग्रामीण बँका आणि सहकारी बँका त्या निर्देशांच्या कक्षेत नव्हत्या. नागरी सहकारी बँकांना १९ ऑक्टोबर २०१८ च्या परिपत्रकानुसार संगणकीय मालमत्तेची अद्ययावत नोंदवही ठेवणे आणि दुरुस्त्यांच्या स्थितीवर लक्ष ठेवणे आवश्यक झाले होते. ही नोंदवहीच मुदतीच्या तक्त्याचा पाया ठरू शकते. त्यात तारखेचा एक रकाना वाढवावा लागेल इतकेच.

अर्थात असा तक्ता म्हणजे सर्व रोगांवरील औषध नव्हे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले, ते एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत घुसखोरी करून. एटीएममधील आवृत्तीचा तेथे प्रश्न नव्हता. ब्रिटनमध्ये वॉनाक्रायचा फटका बसलेल्या रुग्णालयांतील बहुतेक संगणकही साहाय्य सुरू असलेल्या 'विंडोज ७'चेच होते. उपलब्ध दुरुस्ती त्यांवर बसवलेली नव्हती, एवढेच.

'विंडोज १०' न बदलणाऱ्या संस्थांना तीन वर्षांपर्यंत सुरक्षा दुरुस्त्या विकत घेण्याची मुभा मायक्रोसॉफ्टने दिली. पहिल्या वर्षाचा जाहीर दर प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर होता. पुढे दरवर्षी तो दुप्पट होतो, म्हणजे तीन वर्षांचे ४२७ डॉलर. दुसऱ्या वर्षी जागे होणाऱ्याला पहिल्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात. पैसे भरायचे की संगणक बदलायचे, याचा हिशेब मांडण्यासाठी पहिला आकडा लागतो तो आपल्याकडील संगणकांचा, आवृत्तीनिहाय.